ठिपका

नाना निघताना कुठे ते सांगत नाहीत.
"जाऊन येतो" म्हणतात, चपला सरकवतात,
खिशात रुमाल आहे ना, तेवढं चाचपतात.

शाल्मलीला हे पटत नाही.
ती खालच्या वाण्याकडेही उतरत नाही,
पावशेर धने दहा मिनिटांत दारात येतात.
पण मैत्रिणीकडे निघाली की
निघाल्यापासून पोचेपर्यंत
सहा जणींना नकाशावर दिसत असते.
तिनंच नानांच्या फोनमध्ये ते चालू करून दिलं.
"आता तुम्ही हरवणार नाही, आजोबा."
"मी कधी हरवलो होतो?" नाना म्हणाले,
"सायकल होती माझी.
हरवण्याइतकं गाव तरी कुठे होतं."

मंगळवारी संध्याकाळी
ते घड्याळाचा पट्टा बदलायला गेले.
मी बाहेरून आले तर शाल्मली खिडकीशी,
"आई, आजोबा हलत नाहीयेत."
ठिपका म्हणे गल्लीतून नीट निघाला,
दवाखान्याशी वळला,
गिरणीसमोर रेंगाळला
(तिथे ते रेंगाळतातच, ताज्या पिठाच्या वासाला)
आणि कर्वे रोडला टेकून
थांबला.

बारा मिनिटं.
"नेटवर्क गेलं असेल," मी म्हटलं.
नव्हतं गेलं.
एकोणीस. चोवीस.
मग ठिपका मागे फिरला
आणि आल्या वाटेनं, गिरणीशीसुद्धा न थांबता,
घरी आला.

मनगटावर पट्टा जुनाच.
"दुकान बंद होतं का?"
"देवस्थळी भेटला. बोलत उभे राहिलो."
देवस्थळी तीन वर्षं झाली, ऑस्टिनला आहेत, मुलीकडे.
आम्ही काही बोललो नाही.
मी चहा टाकला.
शाल्मली दोन बोटांनी
फोनवरचा तो कोपरा मोठा, मोठा करत राहिली.
अलीकडे फुटपाथ.
पलीकडे दुकान.
मध्ये रस्ता.

बुधवारी ती म्हणाली, "चला आजोबा, मी येते."
ती चालणाऱ्यांतली नाही.
कोपऱ्यापर्यंत गेली,
वाहनांकडे पाहिलं,
नानांचा हात धरला, सोडला,
आणि रिक्षा बोलावली.
समोर जायला.
रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "समोर म्हणजे?"
मग पुढच्या चौकातून वळसा घेऊन,
मेट्रोच्या खांबांखालून, पावणेदोन किलोमीटर फिरवून,
त्यानं दोघांना समोर उतरवलं.
एकेचाळीस रुपये. पट्टा दीडशेचा.

नाना आता हे सगळ्यांना सांगतात.
"रस्ता ओलांडायला रिक्षा केली आम्ही!
एवढ्यात तेव्हा दोन्ही टायर बदलून झाले असते,
वर घंटी."
शाल्मली सांगते तेव्हा पैशांचं काढत नाही,
रिक्षावाल्याचा चेहरा करून दाखवते.
आम्ही हसतो. मीही हसते.

फक्त एवढंच आहे,
की मंगळवारी संध्याकाळी घरात विरजण नव्हतं
म्हणून मी दही आणायला गेले होते.
चालत सात मिनिटं.
पण पंचवीस वर्षांत मी
किल्ली घेतल्याशिवाय जिना उतरलेली नाही.
तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल,
कोपरापर्यंत हातमोजे,
मला नानांनीही ओळखलं नसतं.
कर्वे रोडचा सिग्नल पिवळा झाला होता.
पिवळा म्हणजे आपल्याकडे, लवकर.
मी लवकर केलं.
डावीकडे कोपऱ्याशी कुणीतरी
रस्त्यावर टाकलेला एक पाय
मागे घेतला.
पांढरा शर्ट होता, इतकंच दिसलं.

पांढरे शर्ट काय, पुण्यात बरेच जण घालतात.